भाचीचं औषध निघेपर्यंत

रोह्याच्या डॉक्टरांकडून आमचे हे परत आले ते फरसाणाची पुडी घेऊन. आमच्या घरी फरसाण काही चांगलं घडलं तरच येतं. मी चुलीपुढून उठले आणि विचारलं, "काय म्हणाले?"

ओटीवर टेकून त्यांनी आधी पाणी मागितलं, मग पुडी सोडली, मग म्हणाले, "कडक हायत."

"कोण?"

"नसा गो. डॉक्टर म्हनला, काका, तुमच्या नसा कडक झाल्यात. छातीच्या फोटूत दिसतंय. मोठ्या नसेला कडेकडेनं चुना धरलाय म्हनला."

आणि त्यांनी फरसाणाचा बकाणा भरला.

या आनंदाचं कारण परक्या माणसाला कळायचं नाही. यांचा जन्म मिठागरात गेला. पावसाळा सरला की वाफ्यातलं पाणी काढून टाकायचं आणि खालचा चिखल पायांनी तुडवायचा. रांगेनं माणसं उभी राहतात, कमरेवर हात ठेवतात आणि टाच दाबत दाबत पुढे सरकतात. ऊन द्यायचं, परत तुडवायचं. जमीन मऊ राहिली तर मिठात चिखल येतो आणि मीठ काळं पडतं. ती फरशीसारखी वाजायला लागली की मगच खाडीचं पाणी आत घ्यायचं. यांच्या पायाला त्या कामात मान होता. दुसऱ्यांच्या मिठागरातूनही बोलावणं यायचं. तेव्हा यांच्या तोंडी "कडक" म्हणजे शाबासकी. वाफा कडक, बांध कडक, चहा कडक. आमच्या मुलीसाठी स्थळ पाहून आले तेव्हाही मुलगा कसा आहे म्हटल्यावर "कडक हाय" एवढंच सांगितलं होतं. तशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं की तुमच्या नसा कडक झाल्या. त्यांना वाटलं, एवढी वर्षं राबल्याचं शरीराने चीज केलं.

"आणखी काय म्हणाले?" मी विचारलं.

"गोळ्या दिल्यात. आणि पनवेलला जा म्हनला. हातातून तार घालून हृदयापाशी बघतात. कुठं अडलंय का ते."

"मग?"

"मग काय? म्हटलं बघू."

गोळ्या त्यांनी फळीवर मिठाच्या बरणीमागे ठेवल्या. मी दुसऱ्या दिवशी एक काढून हातावर दिली तर म्हणाले, "कडक झालेलं परत मऊ करायचं? तुडवनाऱ्याला इचार, किती जीव जातो ते."

आता डॉक्टर रोह्याचे का, तर ते माझं माहेर. आम्ही राहतो त्या पेणमध्ये डॉक्टरांना तोटा नाही. पण पेणमध्ये हे साधे पेशंट, रोह्यात जावई. तिथला कंपाउंडर आमच्या आळीतला आहे, तो यांना बघितलं की "या दाजी" म्हणून आत घेतो. दाजींना रांगेत बसावं लागत नाही, म्हणून ते डॉक्टर हुशार.

डॉक्टरांकडे मीच धाडलं होतं, त्याला कारण पक्षी. यांनी आयुष्यात पक्ष्याकडे पाहिलं नाही. मिठागरात बगळ्यांचे थवे उतरायचे, हे त्यांना फक्त दगड मारायचे. आणि त्या वर्षी अचानक यांना पक्षी आवडू लागले. खाडीच्या बांधावर चढ लागला की उभे राहायचे. "तो बघ गो, खंड्या बसलाय." खंड्या कुठेच नसायचा. मग थोडं चालायचे, मग कुणाच्या तरी कुंपणाची चौकशी. देवळाच्या पायऱ्यांवर मधेच थांबून कळसाचा रंग न्याहाळायचे. एकदा सुकटीची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू हो पुढं, मी जरा आभाळ बघतो." आभाळ! त्यांचा एक हात छातीवर होता आणि कपाळाला घाम होता. मी पुढे झाले, पण दर चार पावलांनी वळून बघत होते.

मी बोलणाऱ्यातली नाही. चौथीत शाळा सुटली त्याच्या आधीपासूनच मी बोलणाऱ्यातली नाही. एसटीत कंडक्टरला गावाचं नाव सांगायचं तरी मी शेजारणीला सांगायला लावते. डॉक्टरांपुढे तर माझं दुखणंही हेच सांगतात. मी फक्त मान हलवते. घरात बोलते, पण घरातही यांच्यापुढे माझं फार टिकत नाही. मी रागावून चार शब्द जमवले की हे काहीतरी विनोद करतात आणि माझे शब्द त्यात मुरून जातात.

मग माझी भाची आली. भावाची मुलगी, मुंबईला प्रयोगशाळेत संशोधन करते. सुट्टीला रोह्याला आली की दोन दिवस माझ्याकडे येते. आत्यावर माया आहेच, पण वालाच्या बिरड्यावर जास्त. ती आली त्या दुपारी मी भिजवलेले, मोड आलेले वाल सोलत बसले होते. तिने पाय धुतले, समोर बसली आणि सोलू लागली. सोलता सोलता म्हणाली, "काकांचे कागद दाखव."

मी कागद दिले. तिने वाचले आणि परत वाल हातात घेतला, पण सोलला नाही.

"आत्या, पनवेलला गेलात का?"

"त्यांना विचार."

हे ओटीवरच्या खाटेवर पडून सगळं ऐकत होते. तिथूनच म्हणाले, "बाय, तुझ्या काकाच्या नसा कडक हायत. घरी सांग रोह्याला."

भाची उठून ओटीवर गेली. तिने त्यांना नीट समजावलं. रक्ताची नळी मऊ हवी, रबरासारखी. हृदयाने रक्त ढकललं की ती फुगली पाहिजे आणि परत बसली पाहिजे. कडक झाली, आतून चरबीचा थर धरला, की वाट अरुंद होते. चालताना हृदयाला रक्त जास्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून छाती भरून येते. "एक दिवस थर फुटला, त्यावर गुठळी धरली आणि वाट बंद झाली तर, काका, हृदयविकाराचा झटका येतो," ती म्हणाली.

मिठाचं पाणी अडलं तर काय होतं ते त्यांना समजतं. पण हार मानणं हा त्यांचा स्वभाव नाही. म्हणाले, "पन चुना आला कुठून? मी तर तंबाखू पन सोडलीय."

आणि हाच माझ्या भाचीच्या संशोधनाचा विषय निघाला! तिचा चेहरा उजळला. मी सुपात वाल घेऊन दारात जाऊन बसले. मला तिचं काम काय आहे हे कधी कळलंच नव्हतं. उंदीर आणि काचेच्या बाटल्या एवढंच ठाऊक होतं.

ती म्हणाली, शरीर पेशींचं बनलेलं असतं आणि प्रत्येक पेशीत सगळ्या कामांचे हुकूम ठेवलेले असतात. एखादं काम करायचं झालं की त्या हुकमाची नक्कल निघते. त्या नकलेला आरएनए म्हणतात. नक्कल बघून पेशी प्रथिन बनवते, आणि प्रथिनांवर शरीर चालतं. इथवर ठीक. पण ढिगाने नकला अशा निघतात की त्यांच्यापासून प्रथिन म्हणून काही बनतच नाही. त्यांना म्हणायचं नॉन-कोडिंग आरएनए. आधी बऱ्याच जणांना वाटायचं, हा कचराच.

"मग काय करतात ते?" मी विचारलं.

"हुकूम चालवतात. स्वतः काही बनवत नाहीत, दुसऱ्यांनी काय बनवायचं आणि कधी थांबायचं ते ठरवतात."

मी खाटेकडे बघितलं. भाचीनेही बघितलं. मिठागर सुटल्यापासून आमच्या घरातही असा एक आहे. खाटेवरून हलत नाही, काडी इकडची तिकडे करत नाही, पण भाकरीला पाणी किती, म्हशीला पेंड कधी आणि शेजाऱ्याने भिंत कुठे घालावी हे सगळं तिथून ठरतं.

"काका, तुम्ही नॉन-कोडिंग," भाची म्हणाली.

"चांगला असतो का वाईट?" त्यांनी सावधपणे विचारलं.

"दोन्ही असतात. काही अगदी छोटे असतात. ते दुसऱ्या नकलेला जाऊन चिकटतात, म्हणजे तिच्यावरून पुढे काही बनत नाही. आवाज नाही, गडबड नाही. रक्ताच्या नळीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात ना, त्यांना आपल्या कामावर ठेवणारे असे काही छोटे राखणदार असतात. ते कमी पडले की पेशी आपलं काम विसरतात. वाढत सुटतात. काही तर हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात आणि चुना धरतात. तुमच्या फोटोत दिसला तो असाच धरलेला चुना. खाल्लेल्या चुन्याचा नाही."

"म्हंजे छोटा राखनदार ती," हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "बोलत नाय. नुसती येऊन उभी राहते. मी खारा बोंबील उचलला की दारात उभी. हात आपोआप खाली जातो."

भाची खूप हसली. मीही हसले, आणि सूप कलंडून थोडे वाल सांडले.

"आणि काही आरएनए लांबलचक असतात," ती म्हणाली, "त्यातले काही स्पंजसारखे असतात. या छोट्या राखणदारांना स्वतःत शोषून घेतात. राखणदार तिकडे अडकला की इकडे कुणी धाक दाखवायला उरत नाही."

हे ऐकून मात्र मी हसले नाही. माझे चार शब्द कशात मुरतात ते मला त्या दुपारी नीट कळलं. भाचीला मी हे सांगितलं नाही. वाल वेचत बसले.

ती पुढे खूप सांगत होती. हे काम सोपं नाही, एकेका राखणदाराच्या हाताखाली ढीगभर नकला असतात, एकाला हलवलं की दुसरीकडे काय होईल ते बघावं लागतं. रक्तात हे सापडतात, त्यावरून रोग लवकर ओळखता येईल का हेही लोक तपासतायत. सगळं मला समजलं असं नाही. पण एक गोष्ट यांना बरोबर समजली. ते उठून बसले.

"म्हंजे तू त्याच्यावर औषध शोधतेस?"

"मी एकटी नाही काका, जगभर शोधतायत. मी त्यातलं इवलंसं काहीतरी बघते."

"निघंल?"

"निघेल कधीतरी. वेळ लागेल."

"मग मी थांबतो," हे म्हणाले. "घरचं औषध निघनार असताना बाहेरची तार कशाला घालून घ्यायची? लोक काय म्हनतील? भाची औषध करते आणि काका पनवेलला जातो!"

भाचीला आधी वाटलं थट्टा आहे. मग तिच्या लक्षात आलं की थट्टेच्या आड हे खरंच थांबणार आहेत. ती किती परीने बोलली. म्हणाली, माझं संशोधन आज तुमच्या उपयोगाचं नाही, आज उपयोगाची आहे ती गोळी आणि ती तार. म्हणाली, औषध निघायला कदाचित माझं आयुष्य जाईल. हे म्हणाले, "जाऊ दे की. मला घाई नाय." शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं आणि बिरडं न जेवताच रोह्याची गाडी पकडायला निघाली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्या, मी शिकवलेलं सगळं माझ्यावरच उलटलं गो. आता तूच बघ."

मी काय बघणार होते? त्या रात्री बिरडं दोघांनाच खूप झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे दूध आणायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत. मी रस्त्यावर जाऊन पाहिलं. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला टेकून उभे होते. मी दिसल्यावर म्हणाले, "खांब हलतो का बघत होतो. हलत नाय."

त्या दिवशी मी ठरवलं. दुपारी म्हटलं, "माझे गुडघे फार दुखतात. रोह्याला दाखवायचेत."

"जा की."

"मला डॉक्टरांपुढे बोलता येतं का? तुम्ही चला. तुम्हीच सांगा."

यांना कुणाचं तरी दुखणं सांगायला फार आवडतं, स्वतःचं सोडून. लगेच तयार झाले. इस्त्रीचा सदरा घातला, जावई ना. एसटीत खिडकीची जागा मला दिली आणि नागोठण्यापर्यंत माझ्या गुडघ्यांबद्दल काय काय सांगायचं याची उजळणी केली.

दवाखाना वरच्या मजल्यावर आहे. जिन्याच्या मधल्या वळणावर हे थांबले. तिथे बघायला ना पक्षी, ना कुंपण. भिंतीवर गरोदर बायांच्या लसीचा तक्ता होता. तो त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. मी एक पायरी वर उभी राहून वाट पाहत होते. त्यांच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. कंपाउंडर वरून म्हणाला, "या दाजी, या," तेव्हा कुठे निघाले.

डॉक्टरांनी खुर्ची दाखवली. "काय त्रास आहे, काकू?"

हे सुरू झाले. "गुडघे तिचे, डॉक्टर. डावा जास्त. उठताना आवाज येतो. मी तिला सांगतो..."

"माझं काय नाय," मी म्हटलं.

आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. दारातला कंपाउंडर वळला. माझे कान तापले. पण आता तोंड उघडलंच होतं.

"यांचं हाय. गोळ्या घेत नाहीत. बरणीमागे पडल्यात. पनवेलला जात नाहीत. चढ आला की थांबतात, आणि पक्षी बघतात."

"पक्षी?" डॉक्टर म्हणाले.

"नसतात पक्षी. छाती भरते म्हणून थांबतात. आता जिन्यात पण थांबले. बाळंतिणीचा तक्ता वाचला सगळा."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून यांच्यासमोर घेतली. विचारलं, बसलेले असतानाही भरतं का? मी म्हटलं, आज सकाळीच दूध आणताना सपाट रस्त्यावर खांबाला टेकले होते. आधी फक्त चढावर व्हायचं. डॉक्टरांनी तिथेच पनवेलला फोन लावला. हे माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांची म्हैस एकदम इंग्रजी बोलली असावी.

परतीच्या एसटीत हे तोंड फिरवून बसले. मला वाटलं रागावले. नागोठणं गेलं, मग म्हणाले, "लग्नाच्या येळी नाव घ्यायला सांगितलं तेव्हा तोंडातून शबूद निघाला नाय. आणि आज?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

थोड्या वेळाने, अगदी हळू: "तार आत जाताना नस फुटली तर गो?"

एवढे दिवस हे होतं तर. कडक नसांचा अभिमान, घरचं औषध, सगळ्याच्या खाली हे एवढंसं. मला वाईट वाटलं, पण थट्टा करण्याची इतकी चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

"कडक हायत ना? कशा फुटतील?"

ते हसले. मग माझ्या हातातली पिशवी आपल्या मांडीवर घेतली आणि पेण येईपर्यंत तशीच धरून बसले.

पनवेलला मनगटातून तार घातली. दोन ठिकाणी वाट अडली होती, एका ठिकाणी फारच. तिथे जाळीची नळी बसवली. भाची आली होती, पडद्यावर काय दिसलं ते तिने मला समजावलं. अडलेल्या जागी काळी रेघ धाग्याएवढी बारीक झाली होती आणि नळी बसल्यावर परत जाड झाली. मी म्हटलं, "मग तुझे ते राखणदार?" ती म्हणाली, "नळीने वाट उघडली आत्या, पण भिंतीतलं सगळं अजून तसंच आहे. त्याला गोळ्या, चालणं आणि तुझं दारात उभं राहणं. आणि मी परत कामाला लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले. बरोबर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. "काय काका, काही दुखतंय?"

यांचं तोंड "काय नाय" म्हणायला उघडलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायथ्याशी उभी होते, काही बोलले नव्हते.

"मनगट दुखतंय जरा," हे म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, तेवढं दुखणारच, छान. आणि पुढे जायला निघाले. पण यांचं झालं नव्हतं. "कंबर पन धरलीय. खाट आखूड हाय. रात्री पाय बाहेर राहतात. उजव्या कानात कधीचं घुमतंय, मिठागरात होतो तेव्हापासून. आणि डॉक्टर, गेल्या वर्षी एकदा चक्कर आलेली, ते हिला पन ठाव नाय..."

डॉक्टर परत वळले. चकरेचं ऐकल्यावर एकाने लिहून घेतलं. मग हे डाव्या टाचेकडे वळले, तिथून दाढेकडे. पुढच्या खाटेवरचा माणूस वाट बघून कुशीवर वळला. शिकाऊ पोरी तोंडावर हात धरून होत्या. शेवटी मीच पुढे झाले, सगळ्यांसमोर, आणि म्हटलं, "अवो, सोडा आता त्यांना. दाढेचा डॉक्टर वेगळा असतो."